ढोल पुरी: आठ रविवारांच्या नोंदी

नोकरीच्या निमित्ताने तीन वर्षे मॉरिशसमध्ये, कात्र बोर्न शहरात काढली. परत ठाण्याला आल्यावर समुद्र आठवला नाही, ऊस आठवला नाही, आठवली ती ढोल पुरी. पाटीवर इंग्रजीत जे स्पेलिंग असते ते वाचून पहिल्या दिवशी मला ढोलताशाच ऐकू आला होता. बोलताना सगळे ‘दाल पुरी’च म्हणतात.

न खाल्लेल्यांसाठी: मैद्याची पातळ, मऊ, पिवळसर पोळी. आत उकडलेल्या डाळीची कोरडी पूड. त्यावर मोठ्या पांढऱ्या दाण्यांची करी, टोमॅटोचे रुगाय, कोथिंबिरीची चटणी, म्हणजे तिकडच्या भाषेत सातिनी, आणि मिरची. पुरी एकटी मिळत नाही, जोडीनेच मिळते. ‘एन पेर’ म्हणायचे, विक्रेता दोन पुऱ्या एकावर एक ठेवून सगळे फासतो, गुंडाळतो, कागदात देतो. उभ्याने खायची. रस मनगटापर्यंत येतो.

१२ मार्चला मॉरिशसचा राष्ट्रीय दिन असतो. १९६८ साली याच तारखेला देश स्वतंत्र झाला आणि १९९२ साली याच तारखेला प्रजासत्ताक. यंदा, २०२३ साली, तो रविवारी येतोय. सोसायटीतल्या सोळा जणांना जेवायला बोलावून बसलोय. माणशी तीन पुऱ्या धरल्या तरी अठ्ठेचाळीस. आजवर आयुष्यात मी पोळीसुद्धा गोल लाटलेली नाही. कुणी हा उद्योग करणार असेल तर माझ्या चुका आयत्या मिळाव्यात म्हणून या नोंदी.

रविवार, २२ जानेवारी २०२३

अर्धा किलो हरभऱ्याची डाळ, अर्धा किलो मैदा. डाळ कुकरला लावली, चार शिट्ट्या. आईचे म्हणणे, “पुरणाला लावतो तशीच लाव, त्यात काय एवढं!” मलाही ते पटले. पुरणपोळीतून गूळ काढला की ढोल पुरी, असे मी गृहीत धरले होते.

झाकण उघडले तर पिठले. निथळायला ठेवले तर चाळणीतून डाळच खाली. पुरणाचे असे झाले तर फारसे बिघडत नाही, गुळाबरोबर आटवून घट्ट करता येते. इथे गूळच नाही. आटवायला गेलो तर बुडाला लागले आणि वरचे तसेच ओले राहिले.

तरी हट्टाने चौदा उंडे भरले. लाटताना सारण बाजूने बाहेर, पोळपाटाला चिकटलेले, लाटण्याला चिकटलेले. तव्यापर्यंत पाच पोहोचल्या. त्यातल्या दोन उलटताना फाटल्या.

वेळ: साडेचार तास. खर्च: नव्वद रुपयांच्या आसपास. उरलेला लगदा आणि कणीक एकत्र मळून, कांदा-मिरची घालून आईने धपाटी केली. ती उत्तम झाली, हे जास्त लागले.

रविवार, २९ जानेवारी

आठवड्यात कात्र बोर्नच्या घरमालकीणबाईंना निरोप पाठवला. त्यांना मी मावशी म्हणतो. घराणे मराठी, पणजोबा कोकणातून मुंबई बंदरावरून गेलेले. घरात बोलतात क्रिओल, म्हणजे तिकडची बोली, पण गणपतीला मोदक करतात आणि लग्नात झाकरी नाचतात. झाकरी म्हणजे आपली जाखडी, गाव सोडताना बरोबर गेलेली. माझ्याशी मावशी मराठी, हिंदी आणि क्रिओल यांची मोट बांधून बोलतात.

उत्तर आवाजी आले, चाळीस सेकंदांचे. त्यात मला तीन वेळा हसून झाले होते. सार असे: कुकर नाही. उघडे पातेले. दाणा अख्खा दिसला पाहिजे, पण चिमटीत धरला की त्याचे पीठ झाले पाहिजे. आणि डाळीचे पाणी फेकायचे नाही, त्यात मैदा भिजवायचा.

पाणी म्हणजे आपला कट. आपण त्याची आमटी करतो, ते कणीक भिजवतात. पुरीचा पिवळा रंग आणि डाळीचा वास पोळीच्या पदरातच कसा उतरतो, याचे उत्तर तीन वर्षे खाऊन मला सापडले नव्हते.

डाळ तीन तास भिजवून, हळद घालून उघड्या पातेल्यात उकळली. यावेळी भीतीपोटी लवकर उतरवली. निथळली आणि गरम असतानाच मिक्सरला लावली. दोन चुका एकदम. गरम डाळ भांड्यात फिरली आणि वाफेने तिचा गोळा झाला. शिवाय मधे कच्ची राहिलेली कणी तशीच उरली. लाटताना त्या कण्यांनी पारीला आतून भोके पाडली. पुरी तव्यावर टाकली की भोकातून डाळ बाहेर पडून जळायची.

वीस उंड्यांतून आठ पुऱ्या धड. चव मात्र ओळखीची वाटली. एक तुकडा तोंडात टाकला आणि क्षणभर पोर्ट लुईसचा बसतळ आठवला, घामासकट.

रविवार, ५ फेब्रुवारी

डाळ बदलली. तिकडे बहुतेक जण पिवळ्या वाटाण्याची डाळ वापरतात, काही हरभऱ्याची. आमच्या वाण्याकडे वाटाण्याची डाळ नव्हती. दोन दुकाने फिरून मिळाली, ऐंशी रुपये किलो. दिसायला हरभऱ्याच्या डाळीसारखीच, पण गुळगुळीत, आणि शिजते फार लवकर. पहिली खेप फोनवर बोलता बोलता गेली. दुसरी दोन तास भिजवून, उकळी आल्यापासून बावीस मिनिटांत झाली. ही वेळ माझ्या शेगडीची. तुम्ही पंधराव्या मिनिटापासून दर दोन मिनिटांनी दाणा चिमटीत दाबून बघा.

यावेळी जमलेला क्रम: रोवळीत अर्धा तास निथळणे, मग जुन्या पंचावर पसरून पंख्याखाली पूर्ण गार करणे, मग थोडी थोडी मिक्सरला थांबत थांबत फिरवणे, मग रव्याच्या चाळणीने चाळणे. चाळणीवर राहते ते परत मिक्सरला. हातात घेतल्यावर बेसनासारखी सुटी पूड हवी. मुठीत दाबली तर मूठ धरावी, पण हात ओला होऊ नये. भाजलेल्या जिऱ्याची पूड यातच घालायची.

पुरणयंत्रातून काढायचा प्रयत्न केला होता. त्यातून शेवया निघतात, पूड नाही. धुवायला मात्र वीस मिनिटे लागली.

मीठ डाळीत घातले, पुडीत घातले आणि कणकेतही घातले. कट आधीच खारा आहे हे डोक्यात आले नाही. आता फक्त डाळ उकळतानाच मीठ घालतो आणि कणकेत चिमूटभर.

कणीक वीस मिनिटेच मुरू दिली, म्हणून लाटली की आक्रसायची. उरलेली तासाभराने लाटली तर आपसूक पसरली. वीसपैकी सतरा जमल्या! पण दहा मिनिटांत पापड. मंद आचेवर चपातीसारखे डाग पडेपर्यंत भाजत होतो, ते चुकले. ढोल पुरीवर डाग नकोत. तवा कडक तापलेला, तेलाचा हात, एका बाजूला अर्धे मिनिट, उलटून परत तेवढेच, की उतरवायची. ती फिकटच राहते. कच्ची वाटते, नसते.

शनिवार-रविवार, ११-१२ फेब्रुवारी

करीचा दाणा. तिकडे याला ‘ग्रो प्वा’ म्हणतात, म्हणजे मोठा वाटाणा. पण हा वाटाणा नव्हेच, ही आपली डबल बी. पुण्या-मुंबईत सहज मिळते, पाव किलोला पन्नास रुपये पडले. रात्रभर भिजवायची, ते पाणी फेकायचे, नव्या पाण्यात नीट शिजवायची. इथे आळस नको, कच्च्या डबल बीमध्ये सायनाइड तयार करणारे द्रव्य असते.

शनिवारी कुकरमध्ये तीन शिट्ट्या दिल्या. सालं एकीकडे, गर एकीकडे. रविवारी उघड्या पातेल्यात पन्नास मिनिटे, दाणा अख्खा आणि आत लोणी. कुकरशी माझे वैर नाही, पण या प्रकल्पात त्याने दोनदा दगा दिला आहे.

मोठी चूक मसाल्याची. घरात गोडा मसाला होता, मालवणी होता, दोन्ही थोडे थोडे घातले. मुलीने चमचाभर खाल्ले आणि म्हणाली, “मस्त झालंय, पण बाबा, ही आजीची उसळ आहे.” खरे होते. मॉरिशसची करी पावडर वेगळी, तिच्यात खोबरे नाही, दगडफूल नाही. मी शेवटी जुळवलेले प्रमाण: धने चार चमचे, जिरे दोन, मिरे एक, मेथी आणि मोहरी अर्धा-अर्धा, दालचिनीचा तुकडा, चार लवंगा, मूठभर वाळवलेला कढीपत्ता. हे सगळे कोरडे भाजून दळायचे आणि हळद वरून घालायची. मग ही पावडर पाण्यात कालवून तिची पेस्ट करायची आणि ती कांदा-आले-लसणावर तेल सुटेपर्यंत परतायची. पावडर कोरडी टाकली तर करपते.

आणि नारळ नाही. ओळखीतल्या प्रत्येकाने विचारले, “बेटावरचं जेवण आणि नारळाचं दूध नाही?” नाही. नारळाच्या दुधाची करी सेशेल्सला करतात. मॉरिशसच्या रोजच्या करीत टोमॅटो आणि कांदा असतो. बेट म्हटले की सगळीकडे नारळ ओतणाऱ्या पाककृतींवर माझा राग आहे. नारळ येतो तो सातिनीत, पुदिना आणि चिंचेबरोबर वाटून.

करी घट्ट करायला डावभर दाणे डावानेच चिरडून परत घालायचे. बाकी काही लागत नाही.

शनिवार, १८ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपास, काम बंद. आज तिकडे सगळे रस्ते ग्राँ बासँकडे वाहत असतील. डोंगरातल्या त्या तळ्याला गंगा तलाव म्हणतात. पांढऱ्या कपड्यांतली माणसे खांद्यावर कावड घेऊन दोन-दोन दिवस चालत जातात आणि वाटेत लोक त्यांना सरबत नि खाणे देतात. मावशींनी फोटो पाठवला. मी साबुदाण्याच्या खिचडीचा पाठवला.

रविवार, १९ फेब्रुवारी

रुगाय. वाचताना सोपे: टोमॅटो, कांदा, आले-लसूण, मिरची, कोथिंबीर, थाईम. पहिल्या खेपेला सवयीने हात डब्याकडे गेला, हळद आणि लाल तिखट पडले. झाली टोमॅटोची भाजी. रुगायला हळद नाही, तिखट नाही, तिखटपणा हिरव्या मिरचीचा.

दुसरी अडचण टोमॅटोची. तिकडचा ‘पोमदामूर’ लहान आणि आंबट असतो. बाजारातले कडक लंबगोल टोमॅटो शिजून पाणी सोडतात आणि चव कुठेच नाही. मंडईत शोधून बारके गावठी घेतले, वीस रुपये किलो. यंदा टोमॅटो आणि कांदा दोन्ही मातीमोल आहेत. माझ्या प्रकल्पाला बरे आहे, शेतकऱ्याला नाही.

थाईम. ताज्या काड्यांची छोटी डबी मॉलमध्ये नव्वद रुपये. ती नको म्हणून डोके चालवले: थाईममधले थायमॉल हे वासाचे द्रव्य ओव्यातही असते, मग ओवाच घालू. चमचाभर घातला. घरभर पोटदुखीच्या काढ्याचा वास. बायको दुसऱ्या खोलीतून म्हणाली, “कुणाचं पोट बिघडलंय?” पुढच्या खेपेला सहा-सात दाणेच चुरडून टाकले, तर कुणाला कळले नाही आणि काहीतरी तिकडचे आलेसे वाटले. शेवटी वाळलेल्या थाईमची बाटली आणली, पंचाहत्तर रुपये, ती वर्षभर पुरेल.

संध्याकाळी उरलेल्या डाळीचे ‘गातो पिमा’ केले: भिजवलेली डाळ भरड वाटून, हिरवी मिरची, कांद्याची पात, कोथिंबीर, जिरे, आणि तळणे. पहिल्या फटक्यात जमले, कारण हा आपला डाळवडाच. तिकडे सकाळी पावाला लोणी लावून त्यात घालून खातात. यावर याहून जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

रविवार, २६ फेब्रुवारी

विंदाय. गोव्याच्या विंदालूशी नावाचे नाते आहे, दोन्ही पोर्तुगीज ‘विन्या द’आल्युश’चे वारस. पण मॉरिशसच्या हातात ते रस्सा राहिले नाही: तळलेले मासे, वाटलेली मोहरी, हळद, लसूण, अख्खे छोटे कांदे, व्हिनेगर. आपल्या लोणच्याच्या जवळचे.

तिकडे बहुधा ट्यूना घेतात. आपल्याकडचा कुपा मिळाला नाही, सुरमई घेतली. साडेआठशे रुपये. मोहरी मिक्सरमध्ये पाणी घालून लोण्यासारखी वाटली आणि ती कडूजहर झाली. फार वेळ, फार बारीक आणि त्यात भांडे तापलेले. मासा कडक तळला नव्हता, ढवळताना त्याचा चुरा झाला. साडेआठशे रुपयांचा चुरा. रात्री कुणी माझ्याशी बोलले नाही.

सोमवारी फक्त मोहरीच परत केली: व्हिनेगरमध्ये दोन तास भिजवून खलबत्त्यात ओबडधोबड ठेचली. आता झणका नाकात जातो, कडूपणा नाही. ती कोबी, गाजर आणि फरसबीच्या उभ्या चिरलेल्या कापांना चोळली. भाज्या आधी उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून उन्हात दोन तास वाळवल्या होत्या. हे झाले ‘आशार’. नाव ऐकून कळेलच कुठून गेले असेल ते. १२ तारखेला माशांऐवजी हेच. सोळांतले नऊ शाकाहारी, आणि दुसऱ्या सुरमईची माझी हिंमत नाही.

रविवार, ५ मार्च

रंगीत तालीम. तीस पुऱ्या, घड्याळ लावून. डाळ जमली, पूड जमली, कणीक तासभर मुरली. तरी दहा फाटल्या. नव्याच तऱ्हेने: मधे सारणाचा ढीग आणि कडेला दोन बोटे नुसता मैदा. मधला भाग पातळ होऊन उसवायचा. पूड ओली होती तेव्हा ती पसरायची तरी. आता इतकी कोरडी की जागची हलत नाही. वेळ तीन तास दहा मिनिटे. या गतीने आठ दिवसांनी पाहुणे रात्री दहाला जेवतील.

सोमवार, ६ मार्च, होळी

आईच्या पुरणपोळ्या चालू असताना शेजारी स्टुलावर बसून राहिलो. चाळीस वर्षे ज्या खाल्ल्या त्या होताना पहिल्यांदा नीट बघितल्या. तीन गोष्टी दिसल्या.

तिची कणीक माझ्यापेक्षा कितीतरी सैल, जवळजवळ वाहती, आणि तेलात बुडालेली. पारी मधे जाड ठेवते नि कडेला पातळ करते. मी उलटे करत होतो. कडा वर जुळल्या की मधला जाड भाग खाली येतो आणि लाटताना तोच ताण घेतो. आणि भरलेला उंडा लगेच लाटत नाही. तो तळहाताने चपटा करून ठेवते, चार-पाच भरून झाले की पहिला घेते. तेवढ्यात कणीक सैलावते.

संध्याकाळी तिच्याच ओट्यावर माझी पूड घेऊन बसलो. चौथी गोष्ट तिने सुचवली: पोळपाटाला पातळ सुती कापड घट्ट बांधायचे. चिकटत नाही, त्यामुळे वरून पीठ कमी लागते, आणि तव्यावर जळके पीठही येत नाही. पूड पारीत चमच्याने दाबून बसवली, उंडे दहा मिनिटे झाकून ठेवले, आधी बोटांनी कडेपासून चेपले, मग हलके लाटले.

दहापैकी दहा.

आईने एक खाल्ली. “चांगली आहे. पण आळणी पुरणपोळी खाल्ल्यासारखं वाटतं.” तिला सांगितले की ही मुळात पुरणपोळीची कुणी नव्हे, बिहार-भोजपूरकडची दालपूरी आहे. १८३४ पासून करारावर उसाच्या मळ्यांत गेलेल्या मजुरांबरोबर ती बेटावर उतरली. ते जिथे उतरले तो पोर्ट लुईसचा आप्रवासी घाट मी पाहिला आहे, सोळा पायऱ्यांचा. आई म्हणाली, “असेल. लाटताना मात्र माझंच ऐकावं लागलं ना?”

शनिवार, ११ मार्च

प्रमाण कायम झाले. एक किलो मैदा, अर्धा किलो वाटाणा डाळ, अर्धी वाटी तेल, साडेपाचशे ते सहाशे मिली कोमट कट. यातून अठ्ठावीस पुऱ्या: उंडा अंदाजे सत्तावन्न ग्रॅम, पूड पस्तीस. उद्या दुप्पट.

आज: डबल बी पाऊण किलो सकाळीच भिजवून संध्याकाळी शिजवून करी केली (मुरल्यावरच चांगली लागते), रुगाय अर्धे तयार, आशार बरणीत, डाळ उकडून चाळून डब्यात, डबा फ्रीजमध्ये. हे शेवटचे चुकलेच. रात्री बघितले तर झाकणाच्या आत पाण्याचे थेंब. पूड परत पंचावर पसरली. डब्यावर झाकणाऐवजी फडके बांधायला हवे होते.

आलुदा, म्हणजे तिकडचा फालुदा, त्यासाठी चायना ग्रास लावले. पाकिटावरच्या प्रमाणाने. दगड झाले. किसणीवर किसता आले, एवढे.

रविवार, १२ मार्च

पावणेनऊला कणीक. दहाला उंडे भरायला सुरुवात. मी भरतो आणि लाटतो, बायको दोन तव्यांवर भाजते. सव्वाबाराला पन्नासावी पुरी.

पहिल्या बारा भाजल्या भाजल्या स्टीलच्या डब्यात रचल्या. वाफ धरून खालच्या सहा एकमेकींना चिकटल्या, सोडवताना चार गेल्या. नंतर प्रत्येक पुरी आधी कापडावर मिनिटभर मोकळी ठेवली, मग दुरडीत फडक्यात रचली. दोन वाजेपर्यंत मऊ होत्या. डाळीच्या पहिल्या प्रयोगाइतकेच हे महत्त्वाचे आहे आणि कुठल्याही पाककृतीत मला दिसले नाही.

आठ जास्तीच्या धरून छप्पन्न उंडे, चार फाटल्या, चार चिकटून गेल्या, अठ्ठेचाळीस ताटात. बरोबर तेवढ्याच हव्या होत्या, पण मला स्वतःला दोनच मिळाल्या.

सगळ्यांना उभ्यानेच खायला लावले, वर्तमानपत्रावर बटर पेपर ठेवून. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी करी-बिरी न घेता पुरीवर तूप मागितले आणि गूळ आहे का विचारले. दिला. लहान मुलांनी आशार बाजूला काढला, मोठ्यांनी तोच संपवला. आलुद्यातला किसलेला चायना ग्रास कुणी ओळखला नाही. सब्जा, गार दूध आणि व्हॅनिलात सगळे खपते.

आजचा खर्च: मैदा ९०, डाळ ८०, डबल बी १५०, टोमॅटो-कांदे ७०, कोथिंबीर-मिरची-भाज्या ६०, तेल १४०, दूध १८०, चायना ग्रास आणि सब्जा १००. एकूण ८७० रुपये, माणशी पंचावन्नच्या आत. त्याआधीच्या सात रविवारांत साधारण एकोणीसशे गेले, त्यात सुरमई.

मावशींना फोटो पाठवला. उत्तर आले: “मारी बों!” म्हणजे फारच छान. पाठोपाठ दुसरे: पुऱ्यांची चौघडी घडी का घातली आहे, पोळीसारखी? गुंडाळी करायची असते. फोटोत माझ्याच ताटातल्या दोन होत्या.

सोमवार, १३ मार्च

वाटीभर पूड उरली होती. सकाळी आईने ती कढईत घेतली, गूळ घातला, वेलची घातली. एवढी कोरडी पूड गुळात मिळून येईना. दूध घातले, मग परत दूध. अर्ध्या तासाने गॅस बंद करून म्हणाली, “याचं पुरण होत नाही रे. हिचे लाडू वळते.” ते वळले गेले. आठ झाले.